महात्मा गांधींच्या वस्तूंचे लिलाव

महात्मा गांधी यांनी वापरलेल्या वस्तू, त्यांची पत्रे, हस्तलिखिते आणि त्यांच्याशी संबंधित अन्य स्मृतिचिन्हे यांची विक्री विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटन व अमेरिकेतील लिलावगृहांत होत आली आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या लिलावांकडे भारतात विशेष लक्ष वेधले गेले. २००९ साली न्यू यॉर्क येथे गांधींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ, वाडगा आणि थाळी यांचा १८ लाख डॉलरना लिलाव झाला, तेव्हा हा विषय संसद, न्यायालय आणि वृत्तपत्रे या तिन्ही ठिकाणी चर्चिला गेला. राष्ट्रीय वारशाच्या वस्तूंवर खासगी मालकी असावी का, त्या परत मिळवण्यासाठी शासनाने सार्वजनिक पैसा खर्च करावा का आणि अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या व्यक्तीच्या वस्तूंना बाजारभाव लावणे कितपत उचित आहे, हे या वादातील प्रमुख प्रश्न आहेत.

पार्श्वभूमी

दुर्मीळ ग्रंथ व थोर व्यक्तींच्या वस्तू यांच्या लिलावाची आधुनिक परंपरा अठराव्या शतकातील लंडनमध्ये रुजली. सॅम्युएल बेकर या पुस्तकविक्रेत्याने १७४४ साली एका खासगी ग्रंथसंग्रहाचा लिलाव केला. या घटनेपासून सदबीज या लिलावगृहाचा प्रारंभ मानला जातो. जेम्स ख्रिस्ती यांनी १७६६ मध्ये ख्रिस्तीज या लिलावगृहाची स्थापना केली. आरंभी ग्रंथ, चित्रे व घरगुती सामान यांपुरता मर्यादित असलेला हा व्यवसाय पुढे पत्रे, स्वाक्षऱ्या, शस्त्रे, घड्याळे आणि वापरातील किरकोळ वस्तू यांपर्यंत विस्तारला.

या बाजारात वस्तूची किंमत तिच्या धातूवर किंवा कारागिरीवर क्वचितच अवलंबून असते. ती कोणाच्या हातात होती आणि ते कितपत सिद्ध करता येते, यांवर ती ठरते. गांधींच्या बाबतीत हा नियम अधिक ठळकपणे दिसतो, कारण त्यांच्या बहुतेक वस्तू मुळात अगदी स्वस्त व साध्या होत्या.

गांधी आणि अपरिग्रह

गांधींनी सांगितलेल्या एकादश व्रतांमध्ये अपरिग्रहाचा, म्हणजेच गरजेपलीकडील वस्तूंचा साठा न करण्याच्या व्रताचा समावेश आहे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना नाताळमधील हिंदी समाजाने त्यांना सोन्याचांदीच्या व हिऱ्यांच्या भेटी दिल्या होत्या. कस्तुरबांना मिळालेल्या सोन्याच्या हारासह या सर्व भेटी त्यांनी समाजकार्यासाठी विश्वस्त निधी करून त्याच्या स्वाधीन केल्या. हा हार परत करण्यावरून पतिपत्नींत झालेला मतभेद त्यांनी आत्मकथेत नोंदवला आहे.

स्वतः गांधींनीही लिलावाचा उपयोग केला होता. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्धा येथून सुरू झालेल्या हरिजन यात्रेत त्यांना मिळालेली मानपत्रे, करंडक व अन्य भेटवस्तू ते सभेतच लिलावात काढत आणि आलेली रक्कम हरिजन निधीत जमा करत. स्वाक्षरी देण्यासाठी ते पाच रुपये घेत आणि तेही याच निधीत जात. त्यामुळे गांधींचा विरोध लिलाव या प्रकाराला नव्हता, तर वस्तूंच्या वैयक्तिक संचयाला होता, असे अभ्यासक दाखवून देतात. त्यांच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या चष्मा, घड्याळ, चपला, वाडगे, चमचे अशा मोजक्या वस्तूंचे छायाचित्र जगभर परिचित आहे.

आपल्याजवळील वस्तू इतरांना सहज देऊन टाकण्याची त्यांची सवय होती. दक्षिण आफ्रिकेतील सहकारी, ब्रिटिश अधिकारी, मिशनरी, आश्रमवासी, डॉक्टर, यजमान कुटुंबे अशा अनेकांकडे त्यांच्या वस्तू भेटीदाखल गेल्या. त्यांनी लिहिलेल्या पत्रांची संख्या तर हजारोंच्या घरात आहे. यामुळे गांधींशी संबंधित वस्तू त्यांच्या हयातीतच अनेक देशांत विखुरल्या. पुढील काळातील बहुतेक लिलाव अशा भेटी मिळालेल्या व्यक्तींच्या वारसांनी किंवा त्यांच्याकडून खरेदी करणाऱ्या संग्राहकांनी घडवून आणले.

लिलावाची कार्यपद्धती

वस्तूचा मालक ती लिलावगृहाकडे सोपवतो. लिलावगृहाचे तज्ज्ञ तिची तपासणी करून अंदाजित किंमत ठरवतात आणि छापील किंवा ऑनलाइन सूचीत तिचे वर्णन प्रसिद्ध करतात. ज्या किमतीखाली वस्तू विकायची नाही ती राखीव किंमत मालकाशी ठरवली जाते व सामान्यतः गुप्त ठेवली जाते. बोली सभागृहात, दूरध्वनीवर, आगाऊ लेखी स्वरूपात किंवा इंटरनेटद्वारे लावता येते. लिलावकर्त्याने हातोडी आपटल्यावर शेवटची बोली पक्की होते. खरेदीदाराला या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क व लागू असलेले कर द्यावे लागतात. त्यामुळे एकाच विक्रीचे दोन वेगवेगळे आकडे वृत्तांमध्ये आढळू शकतात.

सूची प्रसिद्ध होणे आणि प्रत्यक्ष लिलाव यांमध्ये सहसा काही आठवड्यांचाच अवधी असतो. शासकीय यंत्रणेला वस्तूची सत्यता तपासणे, निधी मंजूर करणे आणि बोलीची मर्यादा ठरवणे यांसाठी हा काळ अपुरा पडतो. शिवाय शासन खरेदीस उत्सुक आहे हे जाहीर झाल्यास बोली वाढण्याची शक्यता असते. म्हणून शासनाने लिलावापूर्वीच मालकाशी वाटाघाटी करून खरेदी करणे किंवा मध्यस्थामार्फत बोली लावणे हे पर्याय वापरले गेले आहेत.

प्रमुख लिलाव व खरेदी

२००७ : 'हरिजन'साठीचे हस्तलिखित

ख्रिस्तीज या लिलावगृहाने जुलै २००७ मध्ये लंडन येथे एका युरोपीय संग्राहकाच्या पत्रसंग्रहाचा लिलाव ठेवला होता. त्यात गांधींनी 'हरिजन' साप्ताहिकासाठी लिहिलेल्या मजकुराचे हस्तलिखित होते. ११ जानेवारी १९४८ ही त्यावरील तारीख असून ते गांधींच्या हत्येच्या अवघे १९ दिवस आधीचे आहे. भारतात या विक्रीविषयी नाराजी व्यक्त झाल्यानंतर हे हस्तलिखित लिलावातून मागे घेण्यात आले आणि भारत सरकारने ते खासगी व्यवहाराने मिळवले. लिलावापूर्वीची वाटाघाट यशस्वी होऊ शकते, याचे हे आरंभीचे उदाहरण ठरले.

२००९ : न्यू यॉर्क येथील लिलाव

अँटिकोरम या घड्याळांच्या लिलावासाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेने मार्च २००९ मध्ये गांधींच्या पाच वस्तू एकत्रितपणे विक्रीस काढल्या. त्यांत झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ, गोल काचांचा चष्मा, चामड्याच्या चपला, वाडगा आणि थाळी यांचा समावेश होता. वस्तूंचे मालक जेम्स ओटिस हे अमेरिकी संग्राहक व शांततावादी कार्यकर्ते होते. या संचाची अंदाजित किंमत २० ते ३० हजार डॉलर ठेवण्यात आली होती.

लिलावाची वार्ता येताच भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटली. गांधींचे पणतू तुषार गांधी यांनी वस्तू परत आणण्यासाठी लोकांकडून निधी उभारण्याचा प्रयत्न केला. अहमदाबाद येथील नवजीवन ट्रस्टच्या अर्जावरून दिल्ली उच्च न्यायालयाने या लिलावास अंतरिम मनाई दिली. परंतु मालक आणि लिलावगृह दोन्ही अमेरिकेत असल्याने या आदेशाचा प्रत्यक्ष परिणाम झाला नाही. ओटिस यांनी वस्तू भारताला देण्याची तयारी दाखवली, मात्र त्यासाठी भारत सरकारने गरिबांच्या आरोग्यावरील खर्चात मोठी वाढ करावी किंवा अहिंसेच्या प्रसारासाठी या वस्तूंचे जगभर प्रदर्शन करण्यास साहाय्य करावे, अशा अटी सुचवल्या. सार्वभौम राष्ट्राच्या अर्थसंकल्पाविषयीच्या अशा अटी स्वीकारता येणार नाहीत आणि स्वतः गांधींनीही त्या मान्य केल्या नसत्या, अशी भूमिका परराष्ट्र राज्यमंत्री आनंद शर्मा यांनी मांडली.

५ मार्च २००९ रोजी लिलाव सुरू होण्याच्या बेतात असताना ओटिस यांनी वस्तू मागे घेण्याची इच्छा जाहीर केली, तथापि लिलावगृहाने विक्री चालू ठेवली. काही मिनिटांतच बोली अंदाजाच्या कितीतरी पट वर गेली आणि उद्योगपती विजय मल्ल्या यांच्या वतीने लावलेली १८ लाख डॉलरची बोली अंतिम ठरली. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री अंबिका सोनी यांनी ही खरेदी सरकारच्या प्रयत्नांतून झाल्याचे सूचित केले. मल्ल्या यांनी मात्र आपण स्वतःच्या निर्णयाने बोली लावल्याचे सांगितले. मद्यनिर्मितीच्या व्यवसायातून आलेल्या पैशाने मद्यपानाच्या कट्टर विरोधकाच्या वस्तू खरेदी झाल्या, या विसंगतीवर त्या वेळी बरीच टीका झाली.

२०१२ : कालेनबाख पत्रसंग्रह

हर्मान कालेनबाख हे जर्मनीत जन्मलेले ज्यू वास्तुविशारद दक्षिण आफ्रिकेत गांधींचे निकटचे सहकारी होते. सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी १९१० साली जोहान्सबर्गजवळ स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मची जमीन त्यांनीच उपलब्ध करून दिली होती. त्यांच्या वारसांकडे असलेली गांधींची पत्रे, कागदपत्रे व छायाचित्रे यांचा मोठा संग्रह सदबीजने जुलै २०१२ मध्ये लंडन येथे लिलावास ठेवला. त्याची अंदाजित किंमत ५ ते ७ लाख पौंड होती. लिलावाच्या काही दिवस आधी भारत सरकारने हा संपूर्ण संग्रह विकत घेतला आणि लिलाव रद्द झाला. हा संग्रह नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवण्यात आला.

या खरेदीला आणखी एक संदर्भ होता. जोसेफ लेलिवेल्ड यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या गांधीचरित्रात गांधी व कालेनबाख यांच्या मैत्रीविषयी केलेल्या विवेचनावरून वाद उद्भवला होता आणि गुजरात शासनाने त्या पुस्तकावर बंदी घातली होती. मूळ पत्रे सार्वजनिक अभिलेखागारात आल्यामुळे अशा विषयांवर प्रत्यक्ष साधनांच्या आधारे संशोधन करणे शक्य झाले. संग्रह सुटा सुटा विकला गेला असता, तर पत्रांचा परस्परसंबंध तुटला असता. म्हणूनही ही खरेदी महत्त्वाची मानली जाते.

२०१२ व २०१३ : श्रॉपशायरमधील लिलाव

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील मलक्स या लिलावगृहाने या दोन वर्षांत गांधींच्या अनेक वस्तू विकल्या. एप्रिल २०१२ मधील लिलावात चष्मा, चरखा आणि दिल्लीतील बिर्ला भवनात गांधींची हत्या झाली त्या जागेवरून उचललेली चिमूटभर माती व गवत असलेली लाकडी पेटी यांचा समावेश होता. मातीला १० हजार पौंड किंमत आली. राजकारणी व उद्योगपती कमल मोरारका यांनी या वस्तू विकत घेतल्या. माती विक्रीस काढण्यावरून भारतात विशेष खेद व्यक्त झाला. हिंदी साहित्यिक गिरिराज किशोर यांनी शासनाने हस्तक्षेप करावा, अशी मागणी केली होती.

मे २०१३ मध्ये याच लिलावगृहात गांधींचे एक मृत्युपत्र ५५ हजार पौंडांना विकले गेले. त्याच लिलावात गांधींच्या रक्ताचे नमुने असल्याचे सांगितलेल्या काचपट्ट्याही होत्या. हे नमुने १९२४ सालचे असल्याचा दावा होता. त्या वर्षी जानेवारीत येरवडा तुरुंगात असताना गांधींना आंत्रपुच्छाचा विकार झाला, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि सुटकेनंतर त्यांनी मुंबईजवळ जुहू येथे विश्रांती घेतली होती. या काचपट्ट्यांना अपेक्षित बोली आली नाही व त्या विकल्या गेल्या नाहीत. देहाच्या अवशेषांचा व्यापार करणे योग्य आहे काय, हा प्रश्न या निमित्ताने पुढे आला.

नोव्हेंबर २०१३ मध्ये गांधींनी येरवडा तुरुंगात वापरलेला घडीचा चरखा १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला. पेटीसारखा मिटवून प्रवासात नेता येणारा हा प्रकार तुरुंगातील प्रयोगांमुळे 'येरवडा चक्र' या नावाने प्रसिद्ध झाला. विक्रीस आलेला चरखा गांधींनी भारतात काम करणारे अमेरिकी मिशनरी फ्लॉइड पफर यांना भेट दिला होता, अशी नोंद सूचीत होती.

२०२० : ब्रिस्टल येथील चष्मा

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील ईस्ट ब्रिस्टल ऑक्शन्स या लहान लिलावगृहाच्या टपालपेटीत एका साध्या पाकिटात घालून टाकलेला सोन्याचा मुलामा असलेला चष्मा ऑगस्ट २०२० मध्ये २ लाख ६० हजार पौंडांना विकला गेला. अंदाजित किंमत १० ते १५ हजार पौंड होती. मालकाच्या कुटुंबातील एक व्यक्ती दक्षिण आफ्रिकेत नोकरीला असताना गांधींनी तो दिला, अशी त्या कुटुंबातील परंपरागत माहिती होती. हा चष्मा अमेरिकेतील एका संग्राहकाने घेतला. या विक्रीत भारत सरकारने भाग घेतल्याचे दिसून आले नाही.

सत्यतेचा प्रश्न

गांधींच्या वापरातील बहुतेक वस्तू त्या काळी बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या होत्या. गोल काचांचा चष्मा, चामड्याच्या चपला किंवा पितळी वाडगा यांवर वापरणाऱ्याचे नाव नसते. त्यामुळे अशी वस्तू खरोखर गांधींची होती हे ठरवण्यासाठी तिच्या मालकीची साखळी तपासावी लागते. सोबतचे पत्र, त्या काळातील छायाचित्र, देणाऱ्या व घेणाऱ्याची भेट झाल्याची स्वतंत्र नोंद आणि पुढील वारसांची प्रतिज्ञापत्रे हे यासाठीचे नेहमीचे पुरावे होत. केवळ कौटुंबिक आठवणीवर आधारलेला दावा सर्वांत दुर्बल समजला जातो. प्रसिद्धीमुळे किंमत वाढू लागली की खोट्या वस्तू बाजारात येण्याचा धोकाही वाढतो.

पत्रे व हस्तलिखिते यांची पडताळणी तुलनेने सोपी असते. कागद, शाई, टपालाचे शिक्के, हस्ताक्षर आणि मजकूर या सर्वांची परीक्षा करता येते. गांधींच्या बाबतीत काही विशेष अडचणी आहेत. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत, त्यामुळे त्यांच्या हस्ताक्षराची दोन भिन्न रूपे आढळतात. ते गुजराती, हिंदी व इंग्रजी या भाषांत लिहीत. त्यांची बरीच पत्रे महादेव देसाई, प्यारेलाल आदी सचिवांच्या हस्ताक्षरात असून त्यांवर केवळ स्वाक्षरी गांधींची असते. भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या गांधींच्या संकलित साहित्याचे इंग्रजीत १०० खंड असून त्यांत प्रसिद्ध झालेल्या पत्रांशी नव्याने समोर आलेल्या पत्राचा मजकूर ताडून पाहता येतो.

कायदेशीर बाजू

भारतात अशा वस्तूंच्या व्यापाराचे व निर्यातीचे नियमन पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ या कायद्याने होते. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते. वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यविषयक मूल्य असलेली हस्तलिखिते व दस्तऐवज यांच्यासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावशेषांची निर्यात केवळ केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था करू शकते आणि देशांतर्गत व्यापारासाठी परवाना लागतो.

गांधींची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी झाली. त्यामुळे २०२३ सालापासून त्यांच्या हातचा प्रत्येक कागद ७५ वर्षांची मर्यादा ओलांडून गेला आहे. याउलट चष्मा, चरखा, भांडी यांसारख्या वस्तूंना १०० वर्षांची अट लागू असल्याने त्यांच्या अखेरच्या काळातील वस्तू २०४८ पर्यंत केवळ वयाच्या आधारे पुरावशेष ठरत नाहीत.

हा कायदा मुख्यतः भारताच्या हद्दीतील वस्तूंना लागू होतो. कायदा होण्यापूर्वीच देशाबाहेर गेलेल्या किंवा गांधींनी स्वेच्छेने भेट दिलेल्या वस्तूंवर त्याच्या आधारे हक्क सांगता येत नाही. भेट दिल्याने मालकी हस्तांतरित होते, हे तत्त्व बहुतेक देशांच्या कायद्यांत मान्य आहे. सांस्कृतिक संपत्तीच्या बेकायदा आयातनिर्यातीसंबंधी युनेस्कोचा १९७० सालचा करार भारताने १९७७ मध्ये स्वीकारला असला, तरी तो चोरीस गेलेल्या वा बेकायदा निर्यात झालेल्या वस्तूंशी संबंधित आहे. त्यामुळे गांधींच्या भेटवस्तूंबाबत खरेदी, देणगी किंवा मालकाशी सामंजस्य हेच मार्ग उरतात.

वस्तूची मालकी आणि लेखनाचा प्रताधिकार या दोन भिन्न बाबी आहेत. गांधींनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपवले होते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार राहतो, त्यामुळे गांधींच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २००९ पासून सार्वजनिक अधिक्षेत्रात आले. म्हणजेच ज्या वर्षी गांधींचे शब्द सर्वांना मुक्तपणे उपलब्ध झाले, त्याच वर्षी त्यांच्या वापरातील पाच वस्तूंना १८ लाख डॉलरचा भाव आला.

वाद आणि मतमतांतरे

शासनाने या वस्तू विकत घ्याव्यात असे मानणाऱ्यांच्या मते त्या राष्ट्रीय स्मृतीचा भाग आहेत आणि खासगी तिजोरीत गेल्यास त्या जनतेला व अभ्यासकांना दुरावतात. प्रत्येक लिलावाच्या वेळी घाईने निर्णय घेण्याऐवजी शासनाने कायमस्वरूपी निधी व तज्ज्ञ समिती ठेवावी, असेही सुचवले जाते.

विरोधी मत असे की, शासन दरवेळी खरेदीदार म्हणून उभे राहिल्यास किमती फुगतात आणि नवनव्या वस्तू बाजारात येण्यास उत्तेजन मिळते. गांधींचा वारसा त्यांच्या विचारांत व कार्यात आहे, वस्तूंच्या पूजेत नाही. सार्वजनिक पैसा त्यांच्या आवडत्या रचनात्मक कार्यावर खर्च करणे अधिक योग्य ठरेल, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

तिसरे मत वस्तू आणि दस्तऐवज यांत फरक करते. चष्म्यातून किंवा चपलांतून इतिहासाविषयी नवी माहिती क्वचितच मिळते, परंतु अप्रकाशित पत्र संशोधनाचे मूळ साधन असते. म्हणून मर्यादित निधी प्रथम पत्रसंग्रहांसाठी वापरावा आणि मूळ पत्र मिळणे शक्य नसेल तेथे निदान त्याची प्रत मिळवावी, असे या मताचे पुरस्कर्ते सुचवतात.

भारतातील संग्रह

गांधींच्या वस्तूंचे मोठे संग्रह भारतातील सार्वजनिक संस्थांमध्ये आहेत. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय गांधी संग्रहालय, अहमदाबादमधील साबरमती आश्रमाचे संग्रहालय आणि मदुराई येथील गांधी स्मारक संग्रहालय ही त्यांपैकी प्रमुख होत. हत्येच्या वेळी गांधींच्या अंगावर असलेल्या वस्त्राचा भाग मदुराई येथे जतन केला आहे.

महाराष्ट्रात मुंबईतील मणिभवन, पुण्यातील आगाखान पॅलेस आणि वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रम ही महत्त्वाची स्थळे आहेत. मणिभवन येथे गांधी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईतील वास्तव्यात उतरत. आगाखान पॅलेसमध्ये ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ दरम्यान ते स्थानबद्ध होते आणि कस्तुरबा व महादेव देसाई यांच्या समाध्या तेथे आहेत. सेवाग्राममधील बापूकुटीत त्यांच्या नित्य वापराच्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. तेथील त्यांचा चष्मा नाहीसा झाल्याचे २०११ साली उघड झाले होते. परदेशातील लिलावांइतकेच देशातील वस्तूंच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणे आवश्यक आहे, हे या घटनेने अधोरेखित केले.

साबरमती आश्रमाने २०१३ मध्ये गांधी हेरिटेज पोर्टल हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर संकलित साहित्य, गांधींनी चालवलेली नियतकालिके आणि अन्य साधने विनामूल्य उपलब्ध आहेत.

अन्य भारतीय वस्तूंशी तुलना

ऐतिहासिक वस्तू परत मिळवण्याचे वेगवेगळे मार्ग इतर प्रकरणांतही दिसतात. टिपू सुलतानाच्या शयनकक्षात सापडलेली तलवार मे २०२३ मध्ये लंडन येथील बोनहॅम्स लिलावगृहात सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली आणि खासगी मालकीतच राहिली.

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये सदबीजच्या लंडन येथील लिलावात आली असता महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आणण्यात आली. लिलावाची माहिती मिळाल्यानंतर अल्पावधीत निर्णय घेऊन राज्य शासनाने यशस्वी बोली लावल्याचे हे उदाहरण आहे.

उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपात १८९८ साली बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेल्या रत्नांचा हाँगकाँग येथील लिलाव मे २०२५ मध्ये भारत सरकारच्या कायदेशीर नोटिशीनंतर पुढे ढकलण्यात आला. त्यानंतर मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या सहभागाने ही रत्ने जुलै २०२५ मध्ये भारतात परत आली. शासन आणि खासगी उद्योग यांनी परस्पर सहकार्याने खरेदी करण्याचा हा मार्ग २००९ च्या न्यू यॉर्क लिलावातील गोंधळाच्या तुलनेत अधिक सुसूत्र होता.

हेही पहा

महात्मा गांधी
मणिभवन
आगाखान पॅलेस
सेवाग्राम
चरखा
पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२
रघुजी भोसले (पहिले)